गाडी विजेवर चालते, कंपनी कोणाच्या पैशावर?

तिमाही संपली की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी टेस्लाने किती गाड्या ग्राहकांच्या हवाली केल्या तो आकडा जाहीर होतो आणि त्याच्या मागोमाग माझ्या भाच्याचा मेसेज येतो. आकडा अपेक्षेपेक्षा वर असेल तर नुसता आकडा आणि पुढे मुठी वळल्याची दोन चित्रं. खाली असेल तर लांबलचक परिच्छेद: आकडा का पडला, आणि पडला तेच कसं बरं झालं. २०२५ च्या तिसऱ्या तिमाहीत ४,९७,०९९ गाड्या गेल्या तेव्हा मुठी आल्या. चौथ्या तिमाहीत तोच आकडा ४,१८,२२७ वर आला तेव्हा परिच्छेद आला, आणि त्यात गाड्यांचा उल्लेखच नव्हता. रोबोटॅक्सी, म्हणजे चालकाशिवाय धावणारी टॅक्सी होती, यंत्रमानव होता.

तो ज्या गुंतवणूकदारांच्या ग्रुपवर आहे तिथे दोन तट आहेत: विजेच्या गाड्यांचे शेअर चढणार म्हणणारे तेजीवाले आणि पडणार म्हणणारे मंदीवाले. तेजीवाल्यांना शेअरच्या भावाबद्दल विचारलं की ते नॉर्वे दाखवतात. तिथे २०२४ मध्ये विकल्या गेलेल्या दर १०० नव्या गाड्यांपैकी जवळपास ८९ पूर्ण विजेवरच्या होत्या. मंदीवाल्यांपुढे नॉर्वे ठेवला की ते रिव्हियन या विजेच्या गाड्या बनवणाऱ्या अमेरिकी कंपनीचा तोटा दाखवतात. दोघांचेही आकडे खरे, आणि दोघंही एकमेकांच्या प्रश्नाचं उत्तर देत नाहीत. नॉर्वेच्या आकड्यावरून एवढंच कळतं की गाड्या खपतायत. त्या खपवण्यात पैसा कोणाचा लागला आणि परत कोणाकडे आला, हे वेगळं खातं आहे. वाद मात्र वर्षानुवर्षं गाडी चांगली की वाईट यावरच.

मी गाड्यांबद्दल बोलायला अधिकारी नाही. चालवता येते, इतकंच. पण माझी सगळी नोकरी वायरिंग हार्नेस बनवणाऱ्या एका कंपनीच्या लेखा विभागात गेली, आणि त्यातला मोठा काळ येणी वसूल करण्याच्या टेबलावर. हार्नेस म्हणजे गाडीच्या अंगातून फिरणारी वायरींची जुडी. ती अजूनही बरीचशी हाताने बनते. एका मोठ्या आडव्या फळीवर, जिला फॉर्मबोर्ड म्हणतात, खुंट्या ठोकलेल्या असतात. त्या खुंट्यांमधून एकेक वायर ओढत, टेप गुंडाळत, टोकाला कनेक्टर बसवत जुडी तयार होते. प्रत्येक मॉडेलचा बोर्ड वेगळा. तो करायचा खर्च आधी पुरवठादार करतो आणि मग गाड्या खपतील तसा, तुकड्याच्या किमतीत मिसळून, वसूल करतो. थोडक्यात, गाडी खपण्याआधीच तिच्यावर पैसे लावणारा पहिला गुंतवणूकदार आम्ही असतो. फरक इतकाच की आम्हाला शेअर मिळत नाहीत.

या टेबलावर बसलं की ग्राहक कंपनीची तब्येत तिच्या जाहिरातीच्या आधी कळते. चांगले दिवस असतात तेव्हा पंचेचाळीस दिवसांचं बिल पंचेचाळिसाव्या दिवशी जमा होतं. मग ते साठाव्या दिवशी यायला लागतं. मग फोन केला की ‘तुमच्या जीआरएनचा घोळ आहे, चलन परत पाठवा’. माल उतरवून घेतल्याची नोंद त्यांनीच करायची, आणि ती झाली नाही हे ते आम्हालाच सांगतात. मग ‘या आठवड्याची पेमेंट रन होऊन गेली’. शेवटी गुणवत्तेच्या नावाखाली डेबिट नोटा, म्हणजे आमच्या बिलातून पैसे कापल्याच्या चिठ्ठ्या, सुरू होतात. जो माल सहा महिने बिनतक्रार गाडीत बसत होता त्यात अचानक दोष निघतात. तोवर बाहेर वर्तमानपत्रांत त्याच कंपनीच्या नव्या मॉडेलची छायाचित्रं झळकत असतात.

विजेच्या गाड्यांचं पहिलं मोठं काम आमच्याकडे आलं ते एका नव्या कंपनीचं. उच्च दाबाच्या केबल सगळीकडे नारिंगी असतात, म्हणजे गाडी उघडणाऱ्याला लांबूनच कळावं की इथे हात घालायचा नाही. त्या जाड नारिंगी केबलचे नमुने टेबलावर ठेवून त्यांचा खरेदी अधिकारी पाच वर्षांचा विक्रीचा अंदाज वाचत होता. माझ्या साहेबांनी विचारलं, ‘पहिल्या वर्षीच्या मालाचे पैसे कधी?’ त्याने उत्तर दिलं, ‘पुढची फंडिंग राउंड झाली की.’ साहेब माझ्याकडे बघून म्हणाले, ‘बाई, हे वाक्य लिहून घ्या.’ मी लिहून घेतलं. ती राउंड झालीच नाही. ते फॉर्मबोर्ड गोदामाच्या भिंतीला टेकून उभे राहिले आणि आमच्या वह्यांत ती रक्कम ‘संशयित येणी’ या सदरात गेली.

तेव्हापासून विजेच्या गाडीची कुठलीही कंपनी म्हटली की माझ्या डोक्यात पहिला प्रश्न हाच येतो: हिचा संसार कोणाच्या खिशातून चाललाय? भाचा याला ‘मावशीचं येणी-पुराण’ म्हणतो. म्हणू दे.

गाडी विकून आलेल्या पैशावर चालणाऱ्या कंपन्या या धंद्यात फार थोड्या. बाकीच्यांसाठी पहिला खिसा शेअर घेणाऱ्यांचा. त्याची सगळ्यात खुली बाजारपेठ २०२० आणि २०२१ मध्ये भरली होती. तेव्हा अमेरिकेत स्पॅक नावाची टूम निघाली: आधीच शेअर बाजारात नोंदलेली एक रिकामी कंपनी, तिच्यात फक्त रोख रक्कम, तिने एखाद्या खऱ्या कंपनीला पोटात घ्यायचं, की ती खरी कंपनी आपोआप बाजारात. सरळ आयपीओ आणणारी कंपनी भविष्यातल्या नफ्याचे आकडे छापायला घाबरते, कारण ते चुकले तर खटले होतात. स्पॅकच्या वाटेने येणाऱ्यांना कायद्याचं संरक्षण आहे असं मानलं जायचं, म्हणून एकही गाडी न विकलेल्या कंपन्या चार-पाच वर्षांनंतरच्या अब्जावधींच्या विक्रीचे तक्ते बिनधास्त दाखवत. बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी, पण रंगीत स्लाइडवर. अमेरिकेच्या नियामकाने हे संरक्षण काढून घेणारे नियम २०२४ च्या जानेवारीत केले. तोवर बरंच पाणी वाहून गेलं होतं.

ट्रकवाली निकोला याच वाटेने जून २०२० मध्ये आली. काही दिवस तिचं बाजारमूल्य फोर्डपेक्षा जास्त होतं. सप्टेंबरमध्ये जनरल मोटर्सने तिच्याशी करार जाहीर केला आणि दोनच दिवसांत हिंडेनबर्ग रिसर्चचा अहवाल आला: कंपनीने रस्त्यावर धावताना दाखवलेला ट्रक स्वतःच्या ताकदीवर धावत नव्हता, उतारावरून सोडून दिला होता. संस्थापक ट्रेव्हर मिल्टनला २०२२ मध्ये फसवणुकीबद्दल दोषी ठरवलं गेलं, २०२३ च्या डिसेंबरमध्ये चार वर्षांची शिक्षा झाली, आणि मार्च २०२५ मध्ये राष्ट्राध्यक्षांनी त्याला माफी दिली. कंपनीने त्याच्या महिनाभर आधी दिवाळखोरीचा अर्ज केला होता. मालकाला माफी मिळते, कंपनीच्या पुरवठादारांना रांगेतला नंबर मिळतो.

रिव्हियनचं तसं नाही. तिची गाडी खरी होती, मागे ॲमेझॉन होती, एक लाख व्हॅनची मागणी होती. नोव्हेंबर २०२१ मध्ये ७८ डॉलरला शेअर विकून तिने जवळपास १२ अब्ज डॉलर उभे केले, आणि बाजारमूल्य शंभर अब्जांवर गेलं. त्या वेळपर्यंत तिने गाड्या दिल्या होत्या जेमतेम दीडशे, त्याही बहुतेक स्वतःच्याच कर्मचाऱ्यांना. पुढच्या वर्षी तोटा झाला पावणेसात अब्ज डॉलर. दोन वर्षांत शेअर वीस डॉलरच्या खाली. ज्याने तो चढ्या भावात घेतला त्याचा हा तोटा, पण रिव्हियनच्या पुरवठादारांच्या दृष्टीने ते १२ अब्ज देवासारखे धावून आले असणार. तेवढी पुंजी होती म्हणून कंपनी २०२४ पर्यंत तगली, मग फोक्सवॅगनने हात दिला, आणि त्याच वर्षाच्या शेवटच्या तिमाहीत पहिल्यांदा ढोबळ नफा, म्हणजे विक्रीतून माल बनवायचा खर्च वजा जाता उरलेली रक्कम, दिसला. लॉर्ड्सटाउन, फिस्कर, कनू या विजेच्या गाड्यांच्या इतर नव्या कंपन्यांच्या नशिबी हा पल्ला नव्हता.

फिस्करचं मला विशेष वाटतं. तिचा मुद्दा असा की कारखाना आपला नकोच. डिझाइन आपलं, गाडी ऑस्ट्रियातल्या ग्राट्समध्ये मॅग्नाने जोडून द्यायची. गुंतवणूकदारांना हे फार आवडलं, कारण ताळेबंदात यंत्रांचा बोजा नाही. अहो, यंत्रं कुठे नाहीशी होतात का? ती मॅग्नाच्या ताळेबंदात जाऊन बसली. जून २०२४ मध्ये फिस्कर बुडाली, त्याआधीच उत्पादन थांबलं होतं.

आता टेस्ला. ग्रुपवरचे मंदीवाले म्हणतात की मावशी आपल्या बाजूच्या, कारण मी तोट्यातल्या कंपन्यांवर बोलते. तसं नाही. २०१८ मध्ये टेस्लाची सगळी लक्षणं माझ्या टेबलावरून ओळखीची होती. मॉडेल ३ चं उत्पादन जमत नव्हतं, फ्रीमाँटच्या कारखान्याच्या आवारात तंबू ठोकून जोडणीची रांग उभारली होती. जुलैमध्ये बातमी आली की कंपनीने काही पुरवठादारांना आधी दिलेल्या पैशांतले काही परत मागितलेत. परत! डेबिट नोट मी हजार पाहिल्या असतील, पण इतका सरळ मामला क्वचित. ऑगस्टमध्ये टेस्लाचे प्रमुख इलॉन मस्क यांनी ४२० डॉलरला कंपनी खासगी करतोय, पैशांची सोय झाली आहे असं ट्वीट केलं. सोय तशी झालेली नव्हती, आणि त्यांना आणि कंपनीला प्रत्येकी २ कोटी डॉलर दंड भरावा लागला. मार्च २०१९ मध्ये ९२ कोटी डॉलरचे रोखे फेडायची वेळ आली. शेअर ३६० डॉलरच्या वर असता तर रोख्यांच्या बदल्यात शेअर देऊन भागलं असतं. नव्हता, म्हणून रोख मोजावी लागली.

त्या सगळ्यातून ती वाचली. कशी, यावर तेजीवाले म्हणतात मस्क यांची जिद्द. असेल. वह्यांत मात्र मला दोन नोंदी दिसतात.

एक नोंद क्रेडिटची. कॅलिफोर्नियासारख्या राज्यांत तेव्हा नियम असा होता की कंपनीने विकलेल्या गाड्यांचा ठरावीक हिस्सा धूर न सोडणारा हवा. कमी पडला तर ज्याच्याकडे जास्तीचा आहे त्याच्याकडून क्रेडिट विकत घ्या. युरोपात हिशेब कार्बनच्या सरासरीचा आहे आणि कंपन्यांना एकत्र गट करून सरासरी काढता येते. फियाट क्रायस्लरने २०१९ मध्ये टेस्लाशी तसा गट केला आणि त्याचे पैसे मोजले. या विक्रीला ना तांबं लागतं ना मजूर, आलेली रक्कम जवळजवळ सगळी नफा. २०२० मध्ये टेस्लाला क्रेडिट विकून मिळाले सुमारे १५८ कोटी डॉलर आणि वर्षाचा निव्वळ नफा होता सुमारे ७२ कोटी. ग्रुपवर हे सांगितलं की तेजीवाले चिडतात. चिडण्यासारखं काय आहे? पैसा पैसाच. फक्त तो स्पर्धकांच्या खिशातला होता आणि खिशात हात घालायला लावणारं सरकार होतं.

पण या नफ्याने एक मोठं काम केलं. एस अँड पी ५०० या अमेरिकेतल्या बड्या कंपन्यांच्या निर्देशांकात जायला सलग चार तिमाह्यांची बेरीज नफ्यात लागते. ती बेरीज जमली, २१ डिसेंबर २०२० ला टेस्ला निर्देशांकात गेली, आणि निर्देशांकाची नक्कल करणाऱ्या प्रत्येक फंडाला शेअर घेणं भाग पडलं. त्या वर्षी शेअर आठपटीने वाढला. आणि ही दुसरी नोंद: त्याच वर्षी कंपनीने तीन हप्त्यांत नवे शेअर विकून बारा अब्ज डॉलरच्या वर रक्कम गोळा केली. बर्लिन आणि ऑस्टिनचे कारखाने २०२२ मध्ये सुरू झाले, तेव्हा त्यामागे हे भांडवल होतं.

भाच्याला मी समजावत असते ते हेच. तुमच्या ग्रुपवरच्या गप्पा तुम्हाला बाहेरून मॅच बघितल्यासारख्या वाटतात. या धंद्यात भाव हा निकाल नाही, कच्चा माल आहे. लोकांनी भरभरून बोलावं, भाव चढावा, चढ्या भावात थोडेसेच नवे शेअर विकून कारखाना बांधावा, कारखाना झाला की गप्पा खऱ्या ठराव्यात. मंदीवाल्यांचं २०१८ चं गणित बरोबरच होतं, त्यात फक्त हा खिसा धरलेला नव्हता. भाव पडण्यावर पैसे लावणाऱ्यांना इंग्रजीत ‘शॉर्ट’ म्हणतात, आणि अर्ध्या चड्डीला ‘शॉर्ट्स’; म्हणून मस्क यांनी पुढे २०२० मध्ये त्यांना चिडवायला लाल सॅटिनच्या अर्ध्या चड्ड्या विकायला काढल्या. अशा माणसाशी गणिताने भांडायला जाऊ नये हे एक, आणि गणित सोडूनही जाऊ नये हे दुसरं.

कारण खिसे बंदही होतात. अमेरिकेने जुलै २०२५ च्या कायद्यात गाड्यांच्या इंधन-मानकांचा दंड शून्यावर आणला. दंडच नाही तर त्यासाठीचं क्रेडिट कोण घेईल? २०२४ मध्ये टेस्लाला क्रेडिटमधून २७६ कोटी डॉलर आले होते आणि नफा होता ७०९ कोटी. त्याच कायद्याने विजेची गाडी घेणाऱ्याला मिळणारी ७,५०० डॉलरची करसवलत ३० सप्टेंबरला संपवली. आता वर दिलेले तिसऱ्या आणि चौथ्या तिमाहीचे आकडे पुन्हा बघा. मुठींची दोन चित्रं आली ती बऱ्याच अंशी सरकारी खिसा शेवटचा उघडला होता म्हणून. लोकांनी सवलत जायच्या आत गाड्या उचलल्या.

चीनमध्ये गोष्ट निराळी, आणि मला जास्त जवळची. बीवायडी ही १९९५ मध्ये शेनझेनमध्ये वांग चुआनफू यांनी काढलेली बॅटऱ्यांची कंपनी. गाड्यांत ती २००३ मध्ये उतरली. सप्टेंबर २००८ मध्ये, अमेरिकेतली लेहमन बँक कोसळली त्याच महिन्यात, वॉरन बफे यांच्या बर्कशायर हॅथवेने, त्यांचे भागीदार चार्ली मंगर यांच्या आग्रहाने, तिचा जवळपास दहावा हिस्सा २३ कोटी डॉलरला घ्यायचं ठरवलं. ग्रुपवर ही कथा पारायणासारखी सांगितली जाते. बर्कशायरने २०२२ पासून विकायला सुरुवात केली आणि आता तिच्याकडे काही उरलेलं नाही, हा अध्याय पारायणात येत नाही. २०२२ च्या मार्चपासून बीवायडीने निव्वळ पेट्रोलच्या गाड्या बंद केल्या. २०२४ मध्ये प्लग-इन हायब्रिड, म्हणजे चार्जही होणाऱ्या आणि पेट्रोलवरही चालणाऱ्या गाड्या, धरून ४२ लाखांवर गाड्या विकल्या, आणि २०२५ मध्ये नुसत्या पूर्ण विजेच्या गाड्यांतही टेस्लाला मागे टाकलं: साडेबावीस लाख विरुद्ध साधारण साडेसोळा लाख.

भाचा हे सगळं सांगून म्हणाला, ‘मावशी, ही तर नफ्यात आहे, आता बोल.’ मी म्हटलं, ‘पुरवठादारांना किती दिवसांनी पैसे देते ते पान काढ.’ बीवायडी आणि तिच्यासारख्या कंपन्या पुरवठादाराला रोख देण्याऐवजी पुढच्या तारखेचं इलेक्ट्रॉनिक हमीपत्र देत आल्या. पुरवठादाराने ते मुदतीपर्यंत धरून बसायचं, नाहीतर कमी पैशांत वटवायचं. जानेवारी २०२५ मध्ये कंपन्यांचे हिशेब तपासणाऱ्या हाँगकाँगच्या जीएमटी रिसर्चने म्हटलं की अशा देण्यांचा हिशेब धरला तर कंपनीचं निव्वळ कर्ज वह्यांत दिसतं त्याच्या कितीतरी पट, सुमारे ३२३ अब्ज युआन भरेल. मे महिन्यात भावांची कापाकापी झाली. बीवायडीची सीगल ही छोटी गाडी ५५,८०० युआनवर आली, आणि ग्रेट वॉल मोटरचे अध्यक्ष वेई जियानजुन म्हणाले की या उद्योगात एव्हरग्रँड (कर्जात बुडालेली चीनची बांधकाम कंपनी) आधीच आहे, फक्त फुटलेली नाही. नाव त्यांनी घेतलं नाही. जूनमध्ये चीनच्या बड्या वाहन कंपन्यांनी एकापाठोपाठ एक जाहीर केलं की यापुढे पुरवठादारांना साठ दिवसांत पैसे देऊ.

ही बातमी ग्रुपवर आलीच नाही. त्या दिवशी तिथे पाच मिनिटांत चार्ज होणाऱ्या बॅटरीवर चर्चा चालली होती. मी मात्र ती बातमी दोनदा वाचली. साठ दिवसांत पैसे देणं ही जिथे घोषणा होऊ शकते, तिथे तोवर काय चाललं असेल हे माझ्यासारखीला सांगावं लागत नाही. आणि गुंतवणूकदारासाठी तिचा अर्थ सरळ आहे: आजवर बिनव्याजी मिळणारी उधारी आता कमी होणार, ती रक्कम बँकेकडून किंवा रोखे काढून आणावी लागणार, आणि तिच्यावर व्याज बसणार. गाडी तीच, ग्राहक तोच, नफा कमी.

जुन्या कंपन्यांचा खिसा त्यांच्या स्वतःच्याच पेट्रोल-डिझेल गाड्यांचा. फोर्डने विजेच्या गाड्यांचा विभाग वेगळा करून त्याचा तोटा छापायला सुरुवात केली, हे मला प्रामाणिकपणाचं वाटतं. २०२४ मध्ये तो ५.१ अब्ज डॉलर होता. त्याच वर्षी व्यावसायिक वाहनांच्या विभागाने ९ अब्ज कमावले. म्हणजे थोरला भाऊ ट्रक विकून धाकट्याला शिकवत होता. २०२५ च्या डिसेंबरमध्ये थोरल्याचा धीर सुटला: १९.५ अब्ज डॉलरचा फटका सोसून फोर्डने विजेच्या गाड्यांचे बेत कापले.

आणि हर्ट्‌झ! २५ ऑक्टोबर २०२१ ला या भाड्याने गाड्या देणाऱ्या कंपनीने एक लाख टेस्ला घेणार असं जाहीर केलं. व्यवहार चार अब्ज डॉलरच्या आसपासचा. टेस्लाचं बाजारमूल्य एका दिवसात शंभर अब्जांहून जास्त वाढलं आणि एक हजार अब्जांच्या पार गेलं. भाड्याच्या गाडीच्या धंद्यात कमाई भाड्याइतकीच जुनी गाडी किती किमतीला विकली जाते यावर असते. जानेवारी २०२३ मध्ये टेस्लाने नव्या गाड्यांच्या किमती उतरवल्या, आणि हर्ट्‌झच्या ताफ्यातल्या प्रत्येक जुन्या टेस्लाची किंमत जागच्या जागी घटली. वर्षभराने हर्ट्‌झने वीस हजार विजेच्या गाड्या विकायला काढल्या आणि घसाऱ्यापोटी २४ कोटी ५० लाख डॉलर खर्ची टाकले. स्वस्त गाडीचं कौतुक करणाऱ्यांनी हा खिसाही मोजावा.

लिथियमबद्दल थोडक्यात: गाड्यांच्या कंपन्या नकोत, त्यांना लागणारा माल घेऊ म्हणणारे हुशार लोक ग्रुपवर होते. लिथियम कार्बोनेट २०२२ च्या नोव्हेंबरमध्ये चीनमध्ये टनाला सहा लाख युआनच्या घरात होतं, तेव्हा ते फार बोलत. सव्वा वर्षात भाव एक लाखाच्या आसपास आला, तेव्हा ते गप्प झाले. बॅटरीचा भाव २०१० मध्ये किलोवॉट-तासाला हजार डॉलरच्या वर होता, तो ब्लूमबर्ग एनईएफ या ऊर्जाबाजाराचा अभ्यास करणाऱ्या संस्थेच्या मोजणीनुसार २०२४ मध्ये ११५ वर आला. गाडी घेणाऱ्याची चंगळ. पण त्याच उतारावर बॅटऱ्या बनवणारी स्वीडनची नॉर्थव्होल्ट घसरली. सुमारे १५ अब्ज डॉलर उभे करूनही माल वेळेवर निघेना, बीएमडब्ल्यूने दोन अब्ज युरोची मागणी रद्द केली, आणि मार्च २०२५ मध्ये तिने दिवाळखोरी जाहीर केली.

एक गंमत मला नेहमी वाटते. या धंद्यातल्या जुन्या कंपन्यांपैकी टेस्लाचे शेअर सुरुवातीला कोणाकडे होते? मर्सिडीजवाल्या डायम्लरकडे, टोयोटाकडे, बॅटऱ्या पुरवणाऱ्या पॅनासोनिककडे. डायम्लरने २००९ मध्ये ५ कोटी डॉलर घातले आणि २०१४ मध्ये सुमारे ७८ कोटी घेऊन बाहेर पडली. टोयोटाही २०१६ पर्यंत मोकळी झाली. पॅनासोनिकने सुमारे ३ कोटी डॉलरचे शेअर घेतले होते, ते विकून साडेतीन अब्जांवर मिळवले. गाडी आतून ओळखणारे सगळे उठून गेले आणि पुढची मोठी चढण बाहेरच्यांच्या पदरात पडली. मंदीवाले म्हणतात जाणकार उठले. तेजीवाले म्हणतात जाणकारांनाच कळलं नाही. मला विचाराल तर त्यांना स्वतःच्या कारखान्यांसाठी रोख हवी होती, बस.

परवा भाचा म्हणाला, ‘मावशी, टेस्लाला गाडीची कंपनी म्हणणं आता सोड.’ मी विचारलं, ‘मग काय म्हणू?’ म्हणाला, ‘रोबोटॅक्सी.’ एप्रिल २०१९ मध्ये मस्क यांनी पुढच्या वर्षी दहा लाखांहून जास्त रोबोटॅक्सी रस्त्यावर असतील असं सांगितलं होतं. जून २०२५ मध्ये ऑस्टिनमध्ये मोजक्या गाड्या निघाल्या, शेजारच्या सीटवर लक्ष ठेवायला माणूस बसवून. हे मी त्याला सांगितलं, तर त्याने विषय बदलून शाओमी काढली. फोन बनवणारी कंपनी, मार्च २०२४ मध्ये पहिली गाडी आणली, २०२५ च्या तिसऱ्या तिमाहीत तिच्या गाड्यांच्या विभागाला पहिल्यांदा नफाही झाला. ‘हिच्याबद्दल तरी चांगलं बोल.’

बोलते की. गाडी आल्यावर वर्षभराने, शेअर चढलेला असताना, तिने नवे शेअर विकून साडेपाच अब्ज डॉलर बाजूला काढून ठेवले. गरज पडायच्या आधी. येणी वसूल करणाऱ्या बाईला असा ग्राहक आवडतो. पुढचा वार्षिक अहवाल आला की व्यापारी देण्यांची टीप कुठल्या पानावर आहे ते मला कळव, असं त्याला सांगून ठेवलंय. साठ दिवसांच्या आतली देणी किती आणि बाहेरची किती, ते बघून मग त्याच्याशी शेअरचं बोलणार आहे.